आतलं कापड

"मधी म्हादूचं लाव," शेवंताक्का म्हणाली. "बाकीचं कुठं बी लाव, पण मधी बापाचंच कापड पायजे. लेकराला कळाय पायजे, आपण कुणाचं ते."

ती ओरडूनच बोलत होती. आमच्या गल्लीत ओरडल्याशिवाय कुणाचं कुणाला ऐकूच जात नसे. इचलकरंजीतली गल्ली ती. भिंतीला भिंत लावून यंत्रमाग. सकाळी एकदा खडखडाट सुरू झाला की घरातली भांडीसुद्धा फळीवर थरथरायची. लग्न होऊन मी कोरेगावहून इथं आले, तेव्हा मला वाटलं होतं, महिन्याभरात डोकं फिरणार माझं. फिरलं नाही. उलट पुढंपुढं सुट्टीच्या वारी माग बंद असले की चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

आक्काच्या घराच्या पुढच्या सोप्यात आम्ही तिघी गोधडी पसरून बसलो होतो. आक्का, मी, आणि आक्काची सून रंजना. रंजनाचे दिवस भरत आले होते. भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून ती आम्हाला सुया ओवून देत होती. गोधडी तिच्या बाळाची होती.

आता माझ्याबद्दल सांगते, म्हणजे मी तिथं काय करत होते ते कळेल. मला चिंध्यांचं वेड. दुसरा शब्दच नाही त्याला. शिंप्यांच्या दुकानातली कात्रणं, फाटक्या साड्यांचे काठ, कुणाच्या खणाचा उरलेला तुकडा, जे मिळेल ते मी आणायची, धुऊन, इस्त्री करून, रंगारंगांनी लावून ट्रंकेत ठेवायची. एक ट्रंक भरली, मग दुसरी. आमचे हे एका सायझिंगमध्ये, सुताला खळ देण्याच्या कारखान्यात, कारकून होते. ते म्हणायचे, "पाहुणा आला तर आता त्याला तुझ्या ट्रंकेत झोपवू." बारीक तुकड्यांची मी भेटकार्डं करायची. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू घ्यायची, तिच्यावर कापडाची फुलं, पाखरं चिकटवायची. त्यासाठी नागमोडी धारेची एक कात्री मी खास कोल्हापूरहून आणवली होती. बारसं असो, दिवाळी असो, गल्लीत प्रत्येकाला माझं कार्ड जायचंच. कुणी मागितलेलं नसायचं ते, पण मी देत असे.

गोधडी मात्र मला आक्कानं शिकवली. आणि आक्काकडे एक रीत होती, ती मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही. जिवंत माणसाचं कापड गोधडीत वर लावायचं. गेलेल्या माणसाचं आत, मधल्या थरात. पहिल्यांदा मी अजाणतेपणी तिच्या नवऱ्याचं धोतर वर लावायला घेतलं, तर तिनं माझ्या हातावर चापटच मारली. "आगं येडे, त्यास्नी आता ऊन कशाला, आन् लोकांची नजर कशाला? त्यांनी आतनं ऊब द्यायची." त्या दिवशी बाळाच्या गोधडीतही तिच्या नवऱ्याचं धोतर आत घातलं होतं, मीच घातलं होतं. आणि वर, मधोमध, म्हादूचा तुकडा.

म्हादू म्हणजे आक्काचा एकुलता एक मुलगा, रंजनाचा नवरा. माग चालवायचा. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड विणत असताना एकदा ताण्यात, उभ्या दोऱ्यांत, एक हिरवा दोरा सांधला गेला. जाडसर होता, बोट फिरवलं तरी लागायचा. लक्षात येईपर्यंत बरंच कापड विणून झालं होतं. मालक बोलला, तेवढा तुकडा कापून बाजूला टाकला, आणि म्हादू तो काखेत मारून हसत घरी आला. "आये, ह्ये कापड जगात दुसरीकडं कुठं मिळायचं न्हाई बग. माझी सही हाय ह्येच्यावर." शिंप्यानं त्याचा शर्ट शिवला, काजं आक्कानं हातानं घातली, आणि उरलेलं कापड अर्थातच माझ्या ट्रंकेत आलं.

तोच शर्ट घालून म्हादू दिवाळीनंतर घरातून निघाला होता. मंदी होती, निम्मे माग बंद. भिवंडीला एका ओळखीच्याकडे काम बघून येतो म्हणाला. तिथं तो पोचलाच नाही. आक्कानं चौकीत वर्दी दिली, नवस बोलले, देवऋष्याला विचारून झालं. देवऋषी म्हणाला, उत्तरेला आहे, येईल. आक्का रोज संध्याकाळी दाराशी उत्तरेकडे तोंड करून बसायची.

आणि रंजना? ती बोलायचीच नाही. तशी ती कमीच बोलायची. लहानपणापासून माहेरच्या मागावर कांड्या भरत वाढलेली पोर, आवाज चढवण्याची तिला सवयच नव्हती. लग्न नवीन असताना म्हादू समोरच्या मागाच्या खिडकीतून नुसते ओठ हलवायचा आणि ही दारात उभी राहून लाजायची. मला वाटायचं, वेडावतात एकमेकांना. मग एकदा हिलाच विचारलं, तर म्हणाली, "बोलतोय की काकू. मागावर सगळी असंच बोलतात. तोंडाकडं बघायचं." मी बाहेरची, मला ते कधी जमलं नाही.

त्याआधी दोनदा तिचं पोट पडलं होतं. या खेपेला पायाला सूज होती, रक्तदाब चढायचा. डॉक्टरीणबाईंनी आक्काला आणि मला समोर बसवून सांगितलं होतं, हिच्या मनाला धक्का बसेल असं काही कानावर जाता कामा नये, नाहीतर दोन्ही जिवांना धोका आहे. आक्कानं ते मंत्रासारखं धरून ठेवलं होतं.

तर त्या दुपारी मधला तुकडा लावून झाला, आणि दारात हवालदार उभा राहिला.

"रंजे, आत जाऊन पड जरा," आक्का लगेच म्हणाली. "पाय बग कसं सुजल्यात."

रंजना उठली, आत गेली. मधल्या दाराला जुन्या साडीचा पडदा होता. माग असे धडधडत होते, की आतल्या माणसाला सोप्यातलं काही ऐकू जाणं शक्यच नव्हतं. मला तेव्हा त्या खडखडाटाचे उपकार वाटले.

हवालदार मध्यमवयीन होता, चांगला माणूस होता. टोपी काढून बसला. एकेक शब्द तोंड मोठं करून बोलायला लागला. "आजी, मन घट्ट करा. नदीच्या बंधाऱ्यात एक माणूस सापडलाय. बंधाऱ्याच्या दाराला अडकून होता बरेच दिवस. चेहऱ्यावरून ओळख पटण्यासारखी राहिली नाही. अंगावर निळ्या पट्ट्याचा शर्ट होता. तुमच्या वर्दीत तसा शर्ट लिहिलाय, म्हणून आलो."

आक्का जरा सरकली. मला वाटलं, ऐसपैस बसायला सरकली. गोधडी तिच्या लुगड्याखाली गेली.

त्यानं पिशवीतून कापड काढलं. शर्टाची पुढची पट्टी होती, कापून, धुऊन आणलेली. तरी वास होता. चिखलानं रंग गेला होता, पण पट्टे दिसत होते. आणि पट्ट्यांमधून खाली उतरलेला हिरवा दोरा मला बसल्या जागेवरून दिसला.

आक्काला मोतीबिंदू होता. तिनं ते कापड डोळ्यांजवळ नेलं, उलटं केलं, सुलटं केलं. तिचा अंगठा काजावर टेकला आणि तिथंच राहिला.

"न्हवं," ती म्हणाली.

"नीट बघा आजी."

"बगितलं. माझ्या लेकाचा न्हवं ह्यो शर्ट. असल्या पट्ट्याची कापडं ह्या गावात ढिगानं निघत्यात."

हवालदार माझ्याकडे वळला. "ताई, तुम्ही बघता का? त्यांना दिसत नसावं."

मी कापड हातात घेतलं. दोरा बोटाला लागला. माझ्या मनात आलं, हिला बिचारीला दिसलंच नाही. ही अजून उत्तरेकडे बघत बसलीय. आणि पडद्याआड ती पोर दोन जीव घेऊन पडलीय. हो म्हणायला मला एक शब्द पुरला असता, आणि त्या एका शब्दानं या घरातली दोन माणसं, कदाचित तीन, आडवी झाली असती.

"नाही," मी म्हणाले. "म्हादूचा शर्ट वेगळा होता."

"नक्की? कारण आता फार ठेवता येणार नाही. उद्यापर्यंत वारस आला नाही, तर बेवारस म्हणून आम्हीच अग्नी देणार."

"द्या," आक्का म्हणाली. "कुणाचं का आसंना, लेकरूच ते. नीट द्या म्हनावं."

तो गेला. रंजना पडदा सारून बाहेर आली. "कोण होतं, आत्ती?"

"पत्ता इचारत व्हता कुणाचा तरी."

"बरं," रंजना म्हणाली. "चहा ठेवू?"

तिनं चहा केला, आम्ही तिघींनी घेतला. साखर घालायची विसरली होती, तरी तिन्ही कप रिकामे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंजना आमच्याकडे आली. एवढं पोट घेऊन, भिंत धरत धरत. मी रात्रभर जागी, डोळे सुजलेले. कांदा चिरतेय म्हणून सांगितलं.

"काकू, त्या निळ्या कापडाचा एक तुकडा द्या की. हिरवा दोरा असलेला."

"कशाला गं?"

"कार्ड करते. तुमच्यासारखं. बारशाला हे आले की द्यायला."

ट्रंक उघडली, तुकडा काढला, नागमोडी कात्रीनं चारी कडा कापून तिच्या हातात ठेवला. तिनं तो पदरात गुंडाळला. दाराशी गेल्यावर थांबली. "आणि काकू, गोधडीची राहिलेली शिवण मीच घालते. आत्तींना दिसत नाही, आणि तुम्हाला किती त्रास द्यायचा."

"दमशील."

"नाही दमत. हात चालू असला की बरं वाटतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आत्ती ह्यांच्या नावावर जगताहेत, काकू. त्या मोडल्या तर माझ्यामागं कोण आहे?"

मला वाटलं, नवरा येईल की नाही या धास्तीनं बोलतेय. ती गेल्यावर मी तोंडात पदर कोंबून रडले. केवढी आशा धरून बसलीय पोर, असं म्हणत रडले.

त्याच दुपारी मी आक्काकडे डोकावले, तर ती डोक्यावरून पाणी घेऊन, ओल्या केसांनी सोप्यात बसलेली. थंडीचे दिवस. "आक्का, आत्ता न्हालात?" तर म्हणाली, अंगाची काहिली होत व्हती. आत रंजना केस पुसत होती. तिचेही केस ओले. मी स्वतः घरून अंघोळ करूनच आले होते. आमचे हे सायझिंगमधून ऐकून आले होते, की नदीकाठी आज पोलिसांनी कुण्या बेवारश्याला जाळलं. लाकडं ओली होती म्हणे, फार वेळ लागला.

रंजना सुटली. मुलगी झाली. डॉक्टरीणबाईंनी बाळ आक्काच्या हातात दिलं, तेव्हा आक्का बाळाकडे बघायच्या आधी रंजनाच्या अंगावर हात फिरवून बघत होती, ही श्वास घेतेय ना म्हणून. बारसं झालं. मी कार्ड दिलं. रंजनानं केलेलं कार्ड मात्र कुठं दिसलं नाही, आणि मी विचारलंही नाही. रंजना कपाळभर कुंकू लावून बाळाला त्या गोधडीत घेऊन बसली होती. बायका म्हणाल्या, पोरगी पायगुणाची आहे, बापाला घेऊन येईल. आक्का म्हणाली, "येईल की."

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, मागाच्या सुट्टीच्या वारी, आक्का माझ्याकडे आली. गल्ली शांत होती. पदराखाली घडी घातलेली गोधडी.

"इंदू, दार लोटून घे."

"काय झालं आक्का?"

"ह्येच्यातलं मधलं कापड काढ. आन् आत घाल."

मला कळलं, पण मी कळून घेतलं नाही. "अहो, असं काय अभद्र बोलताय? येईल तो. देवऋषी म्हणाला नव्हता का…"

"गप," आक्का म्हणाली. "काज म्या घातल्यालं. माझं डोळं गेल्यात, बोटं न्हाईत गेली."

मी तिच्यासमोर बसले. इतके दिवस मला वाटत होतं, ते ओझं माझ्या एकटीच्या डोक्यावर आहे. "तुम्हाला कळलं होतं? मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? त्या पोरीची दोन गेल्याली. तिसरं घालवू? बोलून म्हादू उठून बसनार व्हता व्हय?" तिचा आवाज अजिबात हलला नाही. मी रडत होते आणि तीच माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. "तू खोटं बोललीस तवा माझ्या जिवात जीव आला बग. म्हनलं, चला, इंदूच्या ध्यानात आलं. आता रंजीला कळू दिऊ नगंस. अंगावर पितंय लेकरू. पन गेल्या मानसाचं कापड वर नगं. पोरीला घेताना बोट लागतंय त्या दोऱ्याला, आन् मला हात तितनं काढवत न्हाई. वर दुसरं निळंच कायतरी लाव, तिला समजायचं न्हाई."

मी ट्रंकेतून त्यातल्या त्यात मिळतं निळं कापड काढलं. मग ब्लेड घेतलं आणि मधल्या तुकड्याचे टाके उसवायला बसले. आक्का शेजारी गोधडीचं टोक धरून. तीन बाजू उसवल्या, तुकडा वर उचलला, आणि आत हात घातला, धोतराचा थर सारखा करायला.

धोतरावर काहीतरी होतं. मी ते उजेडाकडे केलं.

निळ्या पट्ट्यांचा तुकडा होता. चारी कडा नागमोडी कापलेल्या. मध्ये हिरवा दोरा. लांब लांब, तिरप्या टाक्यांनी आक्काच्या नवऱ्याच्या धोतरावर बसवलेला. तसे टाके आमच्यात एकटी रंजना घालायची. तिला आम्ही त्यावरून चिडवायचो.

"काय गं?" आक्का म्हणाली. "हात का थांबला?"

मी तिचं बोट धरलं आणि आत नेऊन त्या दोऱ्यावर ठेवलं. तिनं ते बोट पुढं नेलं, कडांवरून फिरवलं, मग टाक्यांवरून.

"ह्ये कुणी घातलं?"

"रंजनानं."

"कवा?"

"हवालदार आला त्याच्या दुसऱ्या दिवशी. माझ्याकडून तुकडा मागून नेला होता. कार्ड करते म्हणाली."

आक्कानं पुन्हा एकदा ते टाके चाचपले. मग स्वतःशीच म्हणाली, "पडद्याआडनं तोंड बगितलं असंल त्येचं. मागावरची पोर. आवाजाचा भरवसा धरून बसलो आपन." तिचं बोट अजून दोऱ्यावरच होतं. "आन् मला कळू दिलं न्हाई. कुकू लावून हिंडली माझ्यासाठी."

"तुम्ही मोडाल म्हणून, आक्का. मला म्हणाली होती ती. मलाच कळलं नाही."

"म्हंजी मला बी ठावं, तिला बी ठावं." आणि तेव्हा पहिल्यांदा तिचा आवाज फाटला. "मग गेलो असतो की गं दोघी! तोंडात पानी तरी घातलं असतं लेकाच्या. बेवारशी जळला गं माझा म्हादू, घरात दोन बायका बसलेल्या असताना."

ती उठली. उसवलेली गोधडी तशीच छातीशी धरली आणि दार उघडून गल्ली ओलांडून गेली. तिला धड दिसत नव्हतं, पण एकदाही ठेचकाळली नाही. मी उंबऱ्यात उभी राहिले. समोर दारात रंजना पोरीला घेऊन बसली होती. तिनं वर पाहिलं, गोधडीचं उघडं तोंड पाहिलं, आणि पोरीला खाली ठेवलं. काय बोलल्या, बोलल्या की नाही, मला माहीत नाही. दोघी आत गेल्या.

आणि मग त्या घरातून रडणं उठलं. आधी एक आवाज, मग दुसरा. माग चालू असते तर कुणाला काही ऐकू आलं नसतं. पण सुट्टी होती. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दारं उघडली.

म्हादू नदीत पडला, की कुणी ढकललं, की मंदीला कंटाळून त्यानंच काही केलं, ते कधी कुणाला कळलं नाही. ज्याची ओळखच पटली नाही, त्याची चौकशी कोण करणार? म्हादूच्या पोरीचं आता लग्न झालं. आक्का गेली. मी मात्र त्यानंतर गोधडी शिवली नाही. कार्डं करते अजून.

ते रडणं उठलं त्या दिवशी आमच्या शेजारची इराबाई पिठाच्या हातानं धावत माझ्या दारात आली. "काय झालं हो इंदूताई? कोण गेलं?"

"म्हादू," मी म्हणाले.

"अगंबाई! आत्ता?"

"हो," मी म्हणाले. "आत्ताच."